कथेला तिच्या नावाने हाक मारावी

संतसज्जनहो, आपल्या संप्रदायात एक प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि विचारणारा तो बहुधा हळू आवाजात विचारतो. कीर्तनकार कथा सांगताना पदरचे घालतो, ते पाप की पुण्य? मूळ ग्रंथात दोन ओळींचा प्रसंग असतो. कीर्तनात तो पाऊण तास चालतो. त्यात सासू येते, सून येते, पाटील येतो, पाटलाची घोडी येते, आणि घोडी कोणत्या रंगाची होती तेही येते. ग्रंथात घोडी मुळी नाहीच. मग हे असत्य झाले काय? असत्य असेल, तर देवाच्या दारात विणेकऱ्याच्या शेजारी उभे राहून आम्ही खोटे बोलतो असा त्याचा अर्थ होतो. असत्य नसेल, तर उद्या कोणीही उठेल, वाटेल ते रचील आणि कीर्तन म्हणून सांगेल. अडचण दोन्हीकडून आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देणारे पुष्कळ भेटतात. कोणी म्हणतो, "कथा ती कथा, तिला खरंखोटं काय विचारता?" कोणी म्हणतो, "जे घडलं नाही ते बोलूच नये." मला दोघांचीही तऱ्हा त्या दुकानदारासारखी वाटते, ज्याच्याजवळ एकच माप आहे. सोनाराजवळ गुंज असते, मासा असतो, तोळा असतो. भुसाऱ्याजवळ शेर असतो, पायली असते, मण असतो. ज्याच्याजवळ नुसता मण आहे त्याने सोने कसे मोजावे? आणि ज्याच्याजवळ नुसती गुंज आहे त्याने ज्वारी केव्हा मोजून व्हावी? वाणीचेही तसेच आहे. बोलण्याचे प्रकार अनेक, त्यांची मापे अनेक, आणि ती मापे म्हणजेच त्या त्या प्रकाराची नावे. नावे हरवली की मापे हरवतात, आणि मापे हरवली की खऱ्याखोट्याचा निवाडा होत नाही. म्हणून आधी नावांचा विचार करू, मग प्रश्नाकडे वळू.

जुन्या पाठशाळेत मुलाला अर्थ कळण्याच्या आधीच अमरकोश पाठ करावा लागे. अमरसिंहाचा हा कोश तीन कांडांचा. अमरसिंह बौद्ध होता असे परंपरा सांगते, पण आमच्या पाठशाळांनी त्याचे ऋण कधी नाकारले नाही. त्याच्या पहिल्या कांडात शब्दादिवर्ग नावाचा एक वर्ग आहे. त्यात बोलण्याच्या तऱ्हांची जी नावे एकत्र केली आहेत, ती पाहिली म्हणजे मन थक्क होते. एक लप् धातू घ्या. लप् म्हणजे बोलणे. त्याला निरनिराळे उपसर्ग लागले आणि एक कुटुंबच उभे राहिले. कोणाला उद्देशून बोलणे तो आलाप. परस्परांशी बोलणे तो संलाप. तेच तेच पुन्हा बोलणे तो अनुलाप. दुःखाने रडत बोलणे तो विलाप. एकाने म्हणावे आणि दुसऱ्याने त्याच्या विरुद्ध म्हणावे तो विप्रलाप. ज्याला काही अर्थ नाही तो प्रलाप. आणि असलेले नाही म्हणून झाकणे तो अपलाप. धातू एकच, पण उपसर्ग बदलला की बोलणाऱ्याची नियत बदलते, त्याचे पापपुण्यही बदलते.

त्याच वर्गात सूनृत हा शब्द आहे. जे सत्यही आहे आणि प्रियही आहे, असे बोलणे म्हणजे सूनृत. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी वाणीचे तप सांगितले आहे. ज्याने कोणाला उद्वेग होत नाही, जे सत्य, प्रिय आणि हितकर आहे असे बोलणे, आणि त्याच्या जोडीला स्वाध्यायाचा अभ्यास. ह्या तपाला एका शब्दात नाव द्यायचे तर सूनृत जवळ ठेवावा लागतो. त्याच्या उलट बाजूस धर्मशास्त्राने वाणीची चार पापे मोजून दाखवली आहेत. पारुष्य म्हणजे कठोर बोलणे, अनृत म्हणजे खोटे बोलणे, पैशुन्य म्हणजे चहाडी, आणि असंबद्ध प्रलाप म्हणजे ज्याला शेंडाबुडखा नाही असे बोलणे. पहा, खोटे बोलणे हे चारांपैकी एक आहे. आपण मात्र वाणीचे पाप म्हटले की तेवढेच एक धरतो. खरे बोलून चहाडी करणारा आपल्याला पापी वाटत नाही, कारण त्याच्या पापाचे नाव आपण विसरलो.

अमरसिंहाने उच्चाराचे दोषही सोडले नाहीत. अक्षरे गिळून बोलणे ते ग्रस्त, घाईघाईने बोलणे ते निरस्त, आणि थुंकी उडवीत बोलणे ते अंबूकृत! पहिल्या रांगेत बसणाऱ्या श्रोत्यांनी हा शेवटचा शब्द लक्षात ठेवावा, कधी उपयोगी पडेल.

आता कोणी म्हणेल, "महाराज, हे संस्कृताचं झालं. आम्हां मराठी माणसांचं काय?" तर माउली, आपल्या मराठीचे भांडार ह्या बाबतीत संस्कृतापुढे उभे राहील असे आहे. यशवंत रामकृष्ण दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सन १९३२ पासून १९३८ पर्यंत महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग काढले. ते चाळून पहावेत. पण कोश हाताशी नसला तरी आपल्या आजीला विचारले की भागते. सांगणे वेगळे, बजावणे वेगळे, सुनावणे वेगळे, खडसावणे वेगळे. विनवणे माणसालाही लागू, पण आळवणे म्हटले की देवच डोळ्यांपुढे येतो. गाऱ्हाणे आपल्या दुःखाचे असते, कागाळी दुसऱ्याच्या खोडीची असते, आणि चहाडी दुसऱ्याच्या पाठीमागे, तीही त्याचे नुकसान व्हावे म्हणून केलेली असते. देवापुढे गाऱ्हाणे घालता येते. देवापुढे चहाडी करून पहा, जीभच वळत नाही.

लोकांत फिरणाऱ्या बोलण्याची नावे पहा. कोण म्हणाले ते कळत नाही, पण सगळेच म्हणतात, ती वदंता. घाबरवून टाकते ती आवई. कोणीतरी मुद्दाम रचून सोडून देतो ती कंडी; ती पिकवावी लागते. समोरासमोर तोंडावर मारतात ती थाप, आणि चांगली मुरलेली असली तर लोणकढी. वारीच्या वाटेवर "पुढल्या मुक्कामी पाणीच नाही" असा शब्द दिंडीत पसरतो, तेव्हा जुना वारकरी पहिला प्रश्न विचारतो, "निरोप आहे का आवई?" निरोप असेल तर तो कोणी पाठवला हे सांगता येते. आवईला पाठवणारा नसतो. ह्या एका प्रश्नाने शंभर माणसांची धावपळ वाचते. दोन शब्द ठाऊक असल्याचा हा लाभ आहे.

आणि आता कथेच्या घरात या. गोष्ट हा शब्द गोष्ठीपासून आला. गोष्ठी म्हणजे चार माणसे एकत्र बसून केलेली बोलचाल. तेव्हा एकट्याची गोष्ट होत नाही, समोर हुंकार देणारा लागतो. कहाणी व्रताची, ती हातात अक्षता घेऊन ऐकायची. आख्यान विस्ताराने लावायचे. चरित्र संतांचे गायचे. बखर राजकारणाची, पोवाडा पराक्रमाचा. भारुडात रूपक असते, वरचा अर्थ हसवतो आणि आतला जागे करतो. दृष्टान्त सिद्धान्ताच्या सेवेला असतो. दंतकथा तोंडातोंडी चालत आलेली असते. आणि भाकडकथा? भाकड गाय म्हणजे दूध न देणारी. जी ऐकून मनाला थेंबभर दूध मिळत नाही ती भाकडकथा. पाल्हाळ, चऱ्हाट, गुऱ्हाळ हे शब्द आम्हां बुवांसाठीच लोकांनी करून ठेवले असावेत असे मला कधी कधी वाटते.

शब्द फिरतात, त्यांचे अर्थही फिरतात. आख्यायिका हा शब्द घ्या. संस्कृतात कथा म्हणजे रचलेली, आणि आख्यायिका म्हणजे जिचा विषय घडलेला, ठाऊक असलेला. म्हणून बाणभट्टाची कादंबरी ही कथा ठरली आणि हर्षराजाचे चरित्र सांगणारे हर्षचरित ही आख्यायिका ठरली. आज मराठीत आपण आख्यायिका म्हणतो ती नेमकी उलटी, म्हणजे लोकांत सांगतात, पण घडली की नाही हे निश्चित नाही, अशी. शब्दाने घर बदलले, हरकत नाही. बोलणारा आणि ऐकणारा, दोघांनी तो एकाच अर्थाने घेतला म्हणजे झाले. दोघांच्या मनात दोन अर्थ राहिले, तर बोलणारा एक सांगतो आणि ऐकणारा भलतेच घेऊन घरी जातो.

इतके झाल्यावर मूळ प्रश्नाकडे येऊ. पदरचे घालून सांगितलेली कथा असत्य ठरते काय?

ह्याचा विचार मीमांसकांनी फार पूर्वी करून ठेवला आहे. वेदात विधी आहेत, म्हणजे हे करावे अशी वाक्ये आहेत. आणि पुष्कळ वाक्ये अशी आहेत की त्यांत करावे असे काही नाही, नुसती स्तुती आहे, नाहीतर निंदा आहे. त्यांना अर्थवाद म्हणतात. लौगाक्षिभास्कराच्या अर्थसंग्रहात त्याचे तीन प्रकार दिले आहेत. यज्ञातला खांब हाच सूर्य, असे एक वाक्य आहे. खांब सूर्य नाही हे डोळ्यांना दिसते. तेव्हा हे खांबाच्या तेजाचे वर्णन, ह्याला गुणवाद म्हणावे. अग्नी हे थंडीवरचे औषध, असे दुसरे वाक्य आहे. हे सर्वांना आधीच ठाऊक आहे. ठाऊक असलेलेच पुन्हा सांगितले, तो अनुवाद. इंद्राने वृत्रावर वज्र उगारले, असे तिसरे वाक्य आहे. ह्याच्या विरुद्धही प्रमाण नाही आणि बाजूनेही दुसरे प्रमाण नाही, तो भूतार्थवाद. मीमांसक म्हणतात, ह्यांपैकी कोणतेही वाक्य व्यर्थ नाही, पण कोणतेही एकटे उभे राहत नाही. विधीचा हात धरून ते उभे राहते. ज्या विधीकडे ते माणसाला वळवते, त्या विधीतच त्याची सफलता आहे.

आता कीर्तन पहा. अभंगातला सिद्धान्त हा विधीच्या जागी आहे. कथा ही अर्थवादाच्या जागी आहे. पाटलाची घोडी पांढरी असो की काळी, ती श्रोत्याला सिद्धान्ताच्या दारापर्यंत नेऊन सोडते आणि बाजूला होते. तिच्या रंगावर कोणाचे काही अवलंबून नाही. म्हणून ती असत्य नव्हे. तिचे काम वर्णनाचे आहे, साक्षीचे नाही. नामाचा महिमा मात्र ह्यातून वगळावा. नाममहिमा हा नुसता अर्थवाद मानणे, हा भक्तिशास्त्राने नामापराध म्हणून मोजला आहे. आपण बोलतो आहोत ते नामाविषयी नव्हे, नामाभोवती आपण जे कथेचे मखर उभारतो त्याविषयी.

तात्पर्य, पदरचे घालणे हा दोष नाही. दोष होतो तो घातलेल्याला दुसरे नाव देण्याने. दृष्टान्त दृष्टान्त म्हणून सांगितला तर तो निर्मळ आहे. तोच इतिहास म्हणून सांगितला तर अनृत. तोच प्रमाण म्हणून सांगितला तर त्याहून वाईट. आणि तोच गावातल्या एखाद्या घरावर बोट रोखून सांगितला तर ते पैशुन्य. शब्द तेच, घोडी तीच, पण नाव बदलले की पाप लागते.

तीन जागा अशा आहेत की तेथे पदरचे एक अक्षरही चालत नाही. पहिली जागा संतांच्या मुखाची. कीर्तनात आपण प्रमाण म्हणतो, टाळकरी ते उचलतात, आणि श्रोते हात जोडतात, ते आपल्याला नव्हे, त्या संताला. तेथे आपली ओळ घुसवणे म्हणजे दुसऱ्याच्या सहीने हुंडी लिहिणे. एकनाथ महाराजांचे उदाहरण ह्या बाबतीत पुरेसे आहे. भारुडे रचताना त्यांनी किती सोंगे घेतली, किती जणांच्या तोंडून ते बोलले! कल्पनेला तेथे त्यांनी मोकळे रान दिले. पण त्याच नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हा ह्यात कोणी आपली ओवी मिसळू नये अशी ताकीद अखेरीस लिहून ठेवली. हात एकच, लेखणी एकच. भारूड कोठे आणि पाठ कोठे, हे त्यांना ठाऊक होते.

महिपती महाराज ताहराबादकर ह्यांनी सन १७६२ मध्ये भक्तविजय पुरा केला. संतचरित्रांची कितीतरी आख्याने आपण त्यातून घेतो. पण स्वतः महिपतींनी आरंभीच सांगून टाकले की हे मी मनाने रचलेले नाही, नाभाजी आणि उद्धवचिद्घन ह्यांच्या ग्रंथांचा आधार घेतला आहे. आज कोणी विचारले की महिपती खरे सांगतात कशावरून, तर त्यांची ही पहिली साक्ष पुढे ठेवता येते. आपले कोठून आले हे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आज ह्या पहिल्या जागीच फार चोरी होते. मोबाईलवर रोज सकाळी एखादा अभंग येतो. अखेरीस तुकोबांचे नाव असते, भाषा कालच्या वर्तमानपत्रातली असते. पाठवणारा भोळा असतो. तो म्हणतो, "चांगला विचार आहे ना, मग झालं." विचार चांगला असेलही. मग ज्याचा आहे त्याच्या नावाने पाठवावा. तुकोबांची गाथा शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित ह्यांनी पोथ्या ताडून सन १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत छापून काढली. पुढे १९५० मध्ये सरकारने ती पुन्हा छापली. ती आज पुष्कळ मंदिरांत आहे. उघडून पहायला किती वेळ लागतो? सगळ्या गाथांचे पाठ एकसारखे नाहीत, हे खरे. म्हणून एखादा अभंग एका गाथेत नसला तर लगेच खोटा म्हणू नये. "परंपरेत म्हणतात" असे म्हणून तो गावा. हे दोन शब्द उच्चारले की आपण चोरीतून सुटलो.

दुसरी जागा जिवंत माणसाची. कथेतला सावकार कथेतलाच राहिला पाहिजे. श्रोत्यांपैकी कोणाच्या वाड्याकडे चार माणसांनी वळून पाहिले, तर कथा संपली आणि कुचाळी सुरू झाली असे समजावे.

तिसरी जागा सर्वांत नाजूक आहे. ऐकणारा ज्यावर भरवसा ठेवून काही करणार किंवा सोडणार आहे, ती ही जागा. एका गावी सप्ताहात माझी सेवा होती. आदल्या रात्री दुसऱ्या एका बुवांचे कीर्तन झाले होते. त्यांनी एका भक्ताची कथा सांगितली. भक्त आजारी पडतो, औषध नाकारतो, केवळ तीर्थ घेतो आणि सातव्या दिवशी उठून टाळ धरतो. कथा रंगली असावी. दुसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारी माउली मला भेटायला आली. तिच्या यजमानांना साखरेचा आजार. रोज गोळ्या चालू. ती म्हणाली, "महाराज, एक विचारू का? कालची गोष्ट घडलेली आहे, का सांगायची आहे?"

मी त्या प्रश्नाला मनात नमस्कार केला. न्याय आणि मीमांसा शिकलेल्या मंडळींनीही इतका नेमका प्रश्न विचारलेला मला आठवत नाही. मी म्हणालो, "माउली, ही श्रद्धा दृढ व्हावी म्हणून सांगायची आहे. गोळी सोडा असं त्यात कोणी सांगितलेलं नाही. गोळी वेळेवर द्या, आणि नाम सगळा वेळ घ्या."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आज सकाळची गोळी दिली नाही मी. पण मग बुवांनी तसं म्हणून का नाही सांगितलं?"

ती उठली आणि घाईने घराकडे गेली. ह्या "तसं म्हणून" मध्ये माझा सगळा लेख आला आहे. बुवांची कथा वाईट नव्हती. त्यांनी तिला तिच्या नावाने हाक मारली नाही, एवढेच. आणि त्या एवढ्यापायी एका घरातली एक गोळी चुकली.

ह्यावर एक पळवाट काढतात. "आम्ही सांगतो की, मध्येच हळूच म्हणतो, ही दंतकथा आहे म्हणून." हळूच म्हणणे म्हणजे काय, हे महाभारताच्या द्रोणपर्वात पहावे. अश्वत्थामा मारला गेला, हे धर्मराज स्पष्ट बोलले. मारला गेला तो हत्ती, हे मात्र अस्पष्ट बोलले. दोन्ही शब्द खरेच होते. पण पहिला द्रोणांच्या कानापर्यंत पोचावा आणि दुसरा पोचू नये, अशा बेताने ते उच्चारले गेले. तोपर्यंत धर्मराजांचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चालत असे. त्या क्षणी त्याच्या घोड्यांचे पाय मातीला लागले. बोललेल्या अक्षरांत असत्य नव्हते, ते आवाजाच्या चढउतारात होते. म्हणून कथा ज्या आवाजात सांगाल, त्याच आवाजात तिचे नाव सांगा.

आणि गंमत अशी की ह्या प्रसंगासाठी आपल्या तोंडी "नरो वा कुंजरो वा" हे शब्द बसले आहेत, ते व्यासांच्या मूळ पाठात नाहीत. पुण्याच्या भांडारकर संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सित आवृत्ती हाती घेतली आणि १९६६ मध्ये ती पुरी केली. त्या पाठात धर्मराज हत्तीचे नाव घेतात, पण हे वाक्य नाही. ते लोकांनी घडवले आणि इतके चांगले घडवले की त्याची म्हणच झाली. म्हण म्हणून ते खुशाल वापरावे. व्यासवचन म्हणून वापरू नये.

आता शेवटची शंका. "कथेला असं नाव देत बसलो तर रस मोडतो. श्रोता म्हणेल, खोटीच आहे तर कशाला रडू?" ही शंका मुलांनी खोटी पाडली आहे. आजी म्हणते, "आटपाट नगर होतं." ह्या एका नगराने मुलाला कळते की ही गोष्ट आहे. तरी राजाची धाकटी राणी रानात गेली की त्याच्या डोळ्यांत पाणी येते. आटपाट नगर हा रसभंग नाही, ते गोष्टीचे दार आहे. दारावर नाव लिहिले म्हणून घर लहान होत नाही. नाटक पाहणाऱ्याला ठाऊक असते की हरिश्चंद्राचे काम कोणी नटाने केले आहे. तरी स्मशानाच्या प्रवेशाला पदर ओले होतात. रसाला फसवणुकीची गरज नाही. ज्या रसाला असते, तो उतरल्यावर मनाला कडू लागतो.

आपली भाषा तर ह्या बाबतीत फार दयाळू आहे. तिने ह्या कामासाठी एक इवलासा शब्द दिला आहे, "म्हणे". "तो पंढरीला गेला" म्हटले की त्याची जबाबदारी माझी. "तो पंढरीला गेला म्हणे" म्हटले की मी ऐकले ते सांगितले, पाहिले नाही. दोन अक्षरांत साक्ष आणि ऐकीव ह्यांचा निवाडा झाला. आणि पहा, हाच शब्द तुकोबांच्या मुद्रेत आहे. बहुतेक अभंगांच्या अखेरीस ते आपले नाव घेतात आणि "म्हणे" म्हणतात. तेथे तो शब्द जबाबदारी झटकत नाही, ती अंगावर घेतो. हे मी म्हणतो, ह्याचा जाब मला विचारा, असा तेथे त्याचा अर्थ आहे. एकच "म्हणे", एकदा ऐकिवाची कबुली देतो आणि एकदा अनुभवाची सही करतो. कोणता "म्हणे" केव्हा वापरावा हे ज्याला समजले, त्याला कीर्तनाचे अर्धे शास्त्र समजले.

कीर्तन ह्या शब्दातही हेच आहे. ज्या धातूपासून तो झाला त्याचा अर्थ नाव घेणे, नाव घेऊन सांगणे. देवाला त्याच्या नावाने हाक मारतो तो कीर्तनकार. मग त्याने कथेलाही तिच्या नावाने हाक मारावी, ह्यात जास्त मागितले असे काय झाले?

तेव्हा तरुण कीर्तनकारांना माझी विनंती आहे. चाली पाठ करता, प्रमाणे पाठ करता, त्याच्या जोडीला अमरकोशातला शब्दादिवर्ग पाठ करा. त्याला फार दिवस लागत नाहीत. आपल्या घरातल्या, दिंडीतल्या म्हाताऱ्या बायांजवळ बसा आणि बोलण्याची जितकी नावे त्यांच्या तोंडी आहेत तितकी वहीत उतरून घ्या. ह्या माउलींबरोबर ती नावे जात आहेत. आणि उभे राहिल्यावर इतके पाळा. ग्रंथातले असेल तर ग्रंथाचे नाव घ्या. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणा. आपले असेल तर आपले म्हणा, त्यात लाज नाही.

श्रोत्यांनाही विनंती आहे. हुंकार देणे हे तुमचे काम, पण विचारणे हेही तुमचेच काम. कीर्तन आटोपल्यावर बुवांच्या पायावर डोके ठेवाल तेव्हा त्या माउलीचा प्रश्न खुशाल विचारा, "घडलेली आहे, का सांगायची आहे?" जो बुवा खरा असेल तो रागावणार नाही. तो सांगेल, आणि पुढच्या गावी न विचारता आधीच सांगेल.

रामकृष्ण हरि.